बंदूक राहिली, खोकं गेलं

पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं. झाकणाचे दोन कोपरे उसवलेले, आत तेलाचा पिवळट डाग, तळाशी मेणाच्या पेन्सिलीनं खरडलेले पाच-सहा आकडे. एवढ्या ऐवजासाठी शेकडो डॉलर मोजणारी माणसं आहेत, आणि ती शुद्धीवर असतात. जुनी रिव्हॉल्व्हर, पिस्तुलं, रायफली जमवणाऱ्यांमध्ये एक पोटजात आहे, तिला बंदुकीइतकंच ती कारखान्यातून ज्या खोक्यात निघाली त्या खोक्याचं वेड असतं. बाहेरच्याला हा प्रकार आंबा सोडून कोय चाटण्यासारखा वाटतो. थोडा तसा आहेही. पण खोकं वाचायला शिकलं की त्यात काय रस आहे ते कळतं.

मुळात ही खोकी दुर्मीळ का? बंदूक पोलादाची. तेलपाणी केलं तर शंभर वर्षं टिकते, आणि ती कोणी फेकून देत नाही. खोकं मात्र फेकून देण्यासाठीच बनलेलं असतं. दुकानदार रिव्हॉल्व्हर काढून काचेच्या कपाटात मांडायचा आणि खोकं काउंटरखाली सरकवायचा. गिऱ्हाईक बंदूक कमरेला लावून निघून जायचं. पोलीस खात्यानं एकगठ्ठा खरेदी केली की रिकामी खोकी थेट कचऱ्यात. जी घरी पोचली त्यांत पुढं खिळे, स्क्रू, मासेमारीचे गळ नाहीतर जुनी पत्रं राहायला आली. लांब बंदुकांच्या खोक्यांचं नशीब आणखी वाईट. चार फूट लांबीचं पुठ्ठ्याचं खोकं कुठल्या कपाटात मावणार? म्हणून रायफलीची जुनी खोकी रिव्हॉल्व्हरच्या खोक्यांपेक्षा कमी सापडतात, आणि सापडली तरी मधोमध मोडलेली असतात.

किमतीचं गणित यातूनच निघतं, पण ते सरधोपट नाही. कोल्ट कंपनीच्या १९५५ साली आलेल्या पायथन रिव्हॉल्व्हरचं मूळ खोकं नुसतं विकलं तरी चांगले पैसे देतं, कारण बंदुका भरपूर उरल्या आणि खोकी कमी. याउलट उदाहरण विंचेस्टर कंपनीच्या शताब्दीनिमित्त १९६६ मध्ये काढलेल्या स्मारक रायफलीचं. त्या एक लाखाहून जास्त बनल्या आणि बहुतेकांनी ‘पुढं किंमत येईल’ म्हणून खोक्यासकट जपून ठेवल्या. तिथं खोकं असण्याचं विशेष कौतुक नाही. नसलं मात्र, तर गिऱ्हाईक लगेच भाव पाडून मागतं. एकीकडं खोकं किंमत वाढवतं, दुसरीकडं त्याचं नसणं किंमत खाली आणतं. नवखे या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि फसतात.

पुठ्ठ्याच्या आधी लाकूड होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगलं पिस्तूल विकत घ्यायचं म्हणजे ओक किंवा महोगनीची कुलूपबंद पेटी घ्यायची. आत लोकरी कापडाचं अस्तर, बंदुकीच्या दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, बार उडवायच्या धातूच्या टोप्यांची डबी. पेटीच्या दोन तऱ्हा होत्या. इंग्रजी पद्धतीत आत सरळ लाकडी पट्ट्या लावून कप्पे पाडत. फ्रेंच पद्धतीत प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कोरत, त्यामुळं त्या खळग्यात दुसरी वस्तू बसायचीच नाही. जमवणाऱ्याच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. फ्रेंच पेटीत बंदूक आपल्या खळग्यात चपखल बसली तर जोडी अस्सल असण्याची शक्यता बरीच. इंग्रजी पेटीच्या कप्प्यात मात्र जवळच्या मापाची कुठलीही बंदूक खपून जाते, म्हणून तिथं अस्तरावर दबल्याच्या खुणा पाहाव्या लागतात.

अशा पेट्यांच्या झाकणाच्या आत बनवणाऱ्याचं छापील लेबल चिकटवलेलं असे, आणि त्यावर पत्ता. पत्ता बोलतो. लंडनचे जेम्स पर्डी १८२६ पासून ‘३१४½ ऑक्सफर्ड स्ट्रीट’ या मजेशीर पत्त्यावर होते, आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं दुकान साउथ ऑडली स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेलं. बंदूक १८७० ची आणि लेबलावर ऑडली स्ट्रीट असं दिसलं तर पेटी नंतरची, किंवा मूळ लेबल जाऊन नवं आलेलं. सॅम्युअल कोल्टनं लंडनमध्ये पिम्लिको भागात १८५३ मध्ये कारखाना काढला आणि तो चार वर्षांतच बंद पडला. त्या मोजक्या वर्षांतल्या पेट्यांना वेगळा मान आहे, तो यामुळं.

मग बंदुका यंत्रावर हजारोंनी बनू लागल्या आणि लाकडी पेटी परवडेनाशी झाली. तिची जागा दोन भागांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यानं घेतली: तळ वेगळा, झाकण वेगळं. जाड पुठ्ठ्याला खाचा पाडून वाकवायचं, कोपरे कागदी पट्टीनं सांधायचे, वरून रंगीत किंवा नक्षीदार कागद चिकटवायचा. बुटांची खोकी अशीच असतात. जुन्या बंदूक-खोक्याचे कोपरेच आधी का उसवतात, याचं उत्तर या बांधणीत आहे. सगळा भार त्या पातळ कागदी पट्टीवर असतो.

आता मुख्य भाग: खोकं कोणत्या काळातलं, हे ओळखायचं कसं? नियम एकच आहे. खोक्यावर छापलेली सर्वांत नवी गोष्ट जितकी जुनी, त्याहून खोकं जुनं असू शकत नाही. पेटंटच्या तारखांची यादी छापली असेल तर शेवटची तारीख बघा, पहिली नाही.

अमेरिकी खोक्यांवर तर टपाल खात्यानं नकळत तारखाच लिहून ठेवल्यात. १९४३ मध्ये तिथल्या मोठ्या शहरांना विभाग-क्रमांक मिळाले, म्हणजे शहराच्या नावापुढं एक-दोन आकडी संख्या आली. १ जुलै १९६३ पासून ते जाऊन पाच आकडी झिप कोड आले, आणि त्याच वर्षी राज्यांची दोन अक्षरी नावं ठरली. म्हणून पत्त्यात कनेक्टिकटसाठी ‘कॉन.’ ऐवजी ‘सीटी’ दिसलं की खोकं १९६३ च्या पुढचं. बारकोड दिसला तर आणखी पुढचा काळ, कारण दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो जून १९७४ मध्ये, ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका किराणा दुकानात. खोक्यावर बॉलपेननं काही लिहिलंय? अमेरिकेत बॉलपेन विक्रीला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. तेव्हा १९३० च्या खोक्यावर बॉलपेननं नंबर असेल तर तो कारखान्यात लिहिलेला नाही, एवढं नक्की. कुणीतरी मागाहून लिहिलाय, कदाचित चांगल्या हेतूनं.

कंपन्यांची मालकी बदलते तसं नावही बदलतं, मॉडेलांची नावंही बदलतात, आणि खोकं ते इमानेइतबारे छापतं. स्मिथ अँड वेसन आपल्या रिव्हॉल्व्हरना आधी नावं देत असे. क्रमांक आले १९५७ मध्ये, आणि मग ३५७ मॅग्नम हे १९३५ सालचं प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर ‘मॉडेल २७’ झालं. म्हणून १९५२ च्या बंदुकीसोबत ‘मॉडेल २७’ असं लेबल असलेलं खोकं आलं, तर ते त्या बंदुकीचं नव्हे. विंचेस्टर १९३१ च्या अखेरीस ऑलिन कुटुंबाच्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीकडं गेली, आणि १९८१ मध्ये न्यू हेवनचा बंदूक-कारखाना ‘यू. एस. रिपीटिंग आर्म्स’ या नव्या कंपनीकडं. खोक्यावर हे शेवटचं नाव असेल तर १९८१ च्या अलीकडचं समजायचं.

कोल्टच्या नावात मात्र एक खड्डा आहे. ‘कोल्ट्स पेटंट फायर आर्म्स’ हे जुनं नाव १९४७ मध्ये बदलून ‘कोल्ट्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ झालं, १९५५ च्या मालकीबदलानंतर जुनं नाव परत आलं, आणि १९९० मध्ये पुन्हा ‘कोल्ट्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. म्हणजे नुसतं नाव वाचून खोकं १९५० चं आहे की १९९५ चं, ते ठरत नाही. मग पत्ता, बारकोड, छपाई अशा बाकीच्या साक्षीदारांना बोलवावं लागतं. एका खुणेवर निकाल देणारे या छंदात फार दिवस टिकत नाहीत.

आणखी एक बारकावा. खोकं बंदुकीहून थोडं जुनं असलं तर घाबरू नका. कारखान्यात छापील लेबलांचा साठा पडलेला असायचा, तो संपेपर्यंत वापरत. उलटं, बंदुकीहून खोकं नवं असेल तर प्रश्न विचारायला हवेत. त्यालाही अपवाद आहे: दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेलेली बंदूक कधी कधी त्या काळच्या नव्या खोक्यातून परत यायची.

काळ जुळला म्हणजे जोडी जुळली असं नाही. तिथं सिरीयल नंबर येतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या खोक्यांच्या तळावर मेणाच्या पेन्सिलीनं बंदुकीचा नंबर लिहिलेला असतो. पुढं बाजूच्या लेबलावर छापील नंबर येऊ लागले. नंबर जुळला तर खोकं त्याच बंदुकीचं, आणि त्याची गोष्टच वेगळी. नंबर वेगळा पण काळ आणि मॉडेल बरोबर असेल तर ते ‘योग्य’ खोकं म्हणायचं, ‘मूळ’ नव्हे. विकणारे हे दोन शब्द फार सैलपणे वापरतात. ‘मूळ खोक्यासह’ असं वाचलं की पहिला प्रश्न हाच: नंबर जुळतो का? नंबर जुळत नाही म्हणून विकणाऱ्याला चोर ठरवायचंही कारण नाही. दुकानात पाच सारखी रिव्हॉल्व्हर दाखवून झाल्यावर परत ठेवताना खोक्यांची अदलाबदल होणं रोजचंच होतं. आणि काही बंदुकांच्या बाबतीत जुळवायला नंबरच नसतो. अमेरिकेत प्रत्येक बंदुकीवर नंबर असणं सक्तीचं झालं १९६८ च्या कायद्यानं. त्याआधीच्या स्वस्त पॉइंट टू-टू (बारीक गोळीच्या) रायफलींपैकी कित्येक बिननंबरी आहेत.

नंबर नसेल, पुसला असेल, तर खोक्याच्या पोटात पाहा. मला या सगळ्यात आवडणारा भाग हाच. बंदूक वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिली की पुठ्ठ्यावर तिचा ठसा उमटतो. नळीचं टोक जिथं टेकतं तिथं खळगा, नेम धरायच्या माशीनं झाकणाला पाडलेली चीर, गोळ्या भरायच्या चक्राच्या जागी गोल तेलकट डाग. चार इंची नळीचा ठसा असलेल्या खोक्यात सहा इंची नळीचं रिव्हॉल्व्हर कितीही ऐटीत ठेवलं तरी खोकं खोटं बोलत नाही.

माणसं बोलतात. पोलादाची नक्कल करायला कारखाना लागतो, कागदाची करायला स्कॅनर आणि प्रिंटर पुरतो. त्यामुळं बंदुकीपेक्षा तिच्या खोक्याची नक्कल कितीतरी सोपी. नवी बनवलेली खोकी ‘नक्कल’ म्हणून उघडपणे विकली जातात, आणि त्यात गैर काही नाही. बंदूक मांडून ठेवायला ती बरी दिसतात. गडबड होते ती तिसऱ्या-चौथ्या हाती, जेव्हा ‘नक्कल’ हा शब्द वाटेत गळून पडतो.

तपासणी घरबसल्या होते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जुनी लेबलं बहुधा एक-दोन रंगांत, ठोस शाईत छापलेली असतात. धातूचे अक्षर-खिळे जुळवून केलेल्या जुन्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं दिसतं आणि कडेला शाईची बारीक रेघ जमते. स्कॅन करून छापलेल्या लेबलात अक्षरांच्या कडा रंगीत ठिपक्यांत विरघळतात. मग अतिनील दिवा. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले, आणि ती अतिनील प्रकाशात निळसर पांढरी पेटतात. १९२० चं म्हणवणारं लेबल त्या दिव्याखाली लखलखलं तर मामला संपला. ही परीक्षा एकाच दिशेनं चालते, हे विसरू नका. न चमकणारा कागद जुनाच असतो असं नाही, कारण ही रसायनं नसलेला कागद आजही मिळतो.

म्हातारपणाचं सोंगही ओळखता येतं. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडं सारखा तपकिरी होतो. खरा जुना कागद उजेडाच्या बाजूला जास्त, झाकणाखाली कमी आणि घडीच्या आत जवळजवळ मूळ रंगाचा राहतो. झाकण काढून त्याखाली दडलेली तळाची पट्टी पाहा, तिथं रंग ताजा हवा. झाकण खूप झिजलेलं आणि तळ नवाकोरा, असं असेल तर दोन खोक्यांचं एक केलेलं असू शकतं.

सर्वांत अवघड फसवणूक म्हणजे खोकं अस्सल, पण नंबर बदललेला. पेन्सिल खोडून नवा आकडा लिहायला कितीसा वेळ लागतो? अशा वेळी खोली अंधारी करून टॉर्च खोक्याच्या पृष्ठाला समांतर, अगदी आडवा धरा. खोडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात, आणि जोरानं लिहिलेल्या जुन्या आकड्याची खाच तिरप्या उजेडात वर येते.

बंदुकीच्या बाजूनं पुरावा हवा असेल तर ‘फॅक्टरी लेटर’ मागवतात. कारखान्याच्या जुन्या वह्यांमध्ये नंबर शोधून बंदूक कधी आणि कोणत्या रूपात बाहेर पडली, याची नोंद देणारं हे पत्र असतं. विंचेस्टरच्या जुन्या वह्या वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत. पत्रातली तारीख आणि खोक्याचा काळ जुळला तर दुधात साखर. पण पत्र बंदुकीबद्दल असतं. खोकं तिचंच आहे, असं ते सांगत नाही.

खोक्यातल्या किरकोळ वस्तूंकडं लोक दुर्लक्ष करतात. मेणकागद, माहितीपत्रक, कधीच टपालात न टाकलेलं हमीपत्र, नळी साफ करायचा ब्रश, नेम जुळवायचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर. हे सगळं सुटं सुटं विकत मिळतं, म्हणून ‘पूर्ण संच’ पाहिला की तो कधी पूर्ण झाला, हा प्रश्न मनात ठेवावा. दुकानाची हस्तलिखित पावती मात्र जपावी. तिच्यावर तारीख असते, आणि बहुधा नंबरही.

आता जपणुकीचं. इथं एक विचित्र सत्य आहे: बंदूक आणि तिचं खोकं एकमेकांचे शत्रू आहेत. जुना पुठ्ठा आम्लयुक्त असतो. कागदावर शाई फुटू नये म्हणून एकोणिसाव्या शतकापासून राळ आणि तुरटीच्या जातीचा क्षार वापरत आले. त्यातून हळूहळू आम्ल तयार होतं, ते कागदाचे तंतू तोडतं आणि कागद पिवळा, ठिसूळ होतो. शिवाय पुठ्ठा हवेतला ओलावा शोषून पोलादाला चिकटवून ठेवतो. त्यातून गंज येतो. उलट बाजूनं बंदुकीचं तेल पुठ्ठ्यात मुरतं आणि लेबलापर्यंत चढतं. लाकडी पेटीतही तेच: ओकच्या लाकडातून अॅसिटिक आम्लाची वाफ सुटते आणि शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते. नंतरच्या खोक्यांतला स्पंज तर काही दशकांत चिकट होऊन बंदुकीच्या झिलईलाच चिकटतो. म्हणून जाणकार बंदूक वेगळी ठेवतात, खोकं वेगळं, आणि दोघांची भेट फक्त प्रदर्शनात घडवतात.

खोक्यासाठी आम्लमुक्त पुठ्ठ्याचा मोठा डबा, भोवती आम्लमुक्त पातळ कागद, निम्म्याहून कमी आर्द्रता आणि अंधार. माळा आणि तळघर नको, तिथं ऋतूप्रमाणं हवा फार बदलते. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यातून सुटणारी द्रव्यं कागद खराब करतात. पॉलिएस्टरची फिल्म चालते. आणि चिकटपट्टी कधीच नाही. पारदर्शक चिकटपट्टी १९३० साली आली, तेव्हापासून तिनं उंदीर-झुरळांइतकीच खोकी खराब केली असतील असं माझं मत आहे. गोंद वाळून तपकिरी होतो आणि डाग कायमचा राहतो. कोपरा उसवला असेल तर गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी पातळ कागद वापरतात, कारण ती दुरुस्ती पाण्यानं परत सोडवता येते.

असं एखादं खोकं हाती लागलं, तर पुसू नका, डाग काढायला जाऊ नका. आधी आत काडतूस आहे का पाहा. असेल तर हात न लावता स्थानिक पोलिसांना कळवा, कारण पुठ्ठ्याला परवाना लागत नसला तरी काडतुसाला अनेक ठिकाणी लागतो. मग सहाही बाजूंचे आणि आतल्या पोटाचे फोटो काढा, तळाचा फोटो तिरप्या उजेडात. आतले खिळे-स्क्रू दुसऱ्या डब्यात काढा. त्यांच्या तळाशी दडलेला कागदाचा कपटा मात्र झटकून टाकू नका, ती पावती असू शकते.